दादाचा ड्रोन आणि दाजींचं गाऱ्हाणं

...आणि वर मलाच विचारतो, मंडळी, मलाच, की "दत्ता, तू नेमक्यां काय दाबलंस?" आता काय सांगू काय दाबलं? दाबण्यासारखं जे जे होतं ते दाबलं, नव्हतं तेही दाबलं, आणि शेवटी स्वतःचं कपाळ दाबत बसलो. तुम्हाला सांगतो, माणसाला थोरला भाऊ असावा, जरूर असावा, पण त्याच्याकडे इंटरनेट नसावं.

आमचा दादा, भिकाजी. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, त्र्याहत्तर पुरी. अठराव्या वर्षी मुंबईला गेला तो आगबोटीनं. आगबोट काही धक्क्याला लागायची नाही, ती आपली बाहेर समुद्रात उभी, माणसांना होडीत घालायचे, वल्हवत न्यायचे आणि भर पाण्यात वर चढवायचे. दादा पत्र्याची ट्रंक घेऊन तसा चढला, तो तिकडे जाऊन जन्मभर बंदरावर क्रेन चालवत बसला. त्यामुळे झालंय काय, की जगाकडे वरूनच बघायची सवय, आणि यंत्र कुठलंही असो, त्याच्याबद्दल मत ठरलेलं. "सोपो आसा." मिक्सर सोपो आसा, इन्व्हर्टर सोपो आसा, त्याच्या स्वतःच्या खुब्यात बसवलेला नवीन सांधा पण सोपो आसा.

हां, खुबा. सगळं तिथनंच सुरू झालं. आमच्या वाडीत नारळी पुनवेला समुद्राला पहिला नारळ द्यायचा मान आमच्या घराचा, घरात मोठा दादा, म्हणून पंचावन्न वर्षं हा माणूस गणपतीला चुकेल, लग्नाला चुकेल, पण पुनवेला हजर. आणि यंदा जूनमध्ये खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, सहा महिने प्रवास नाही. दादाचा फोन आला. "दत्ता, यंदा नारळ तू दी." म्हटलं, बरां. मग म्हणाला, "पण माका दिसाक होयो रे. नारळ पाण्यात पडताना दिसाक होयो." आणि आवाज असा काही झाला त्याचा, की मला गलबलून आलं. दादाचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. मी म्हटलं, दाखवतो. तिथंच माझं चुकलं.

कारण मला वाटलं होतं व्हिडिओ कॉल. तर म्हणाला, "त्यात तुझो आंगठो दिसता." आणि आठ दिवसांत कट्टा गावच्या एसटी स्टँडावर पार्सल. उघडलं तर ड्रोन! "नवशिक्यांसाठीचो घेतलंय," दादा फोनवर, "एकदम सोपो आसा."

सोपो आसा म्हणे. वजन बघाल तर अडीचशे ग्रॅमच्या आत, म्हणजे बरा मोठा बांगडा. चार हात, चार पंखे, पुढं एक डोळा. सोबत पुस्तक, त्यात भाषा अकरा. कोरियन आहे, पोर्तुगीज आहे, मराठी नाही. चित्रात एक माणूस हिरवळीवर हसत उभा, ड्रोन त्याच्या डोक्यावर. मी म्हटलं, हा हसतोय म्हणजे ह्याचा भाऊ फोनवर नाही.

पहिल्या दिवशी पंखे बसवले. आता मला काय माहीत त्या पंख्यांतही चपलांसारखे दोन उजवे आणि दोन डावे असतात? दिसायला सगळे सारखे. मी हाताला येतील तसे घातले, सुरू केला, आणि तो उडायच्या ऐवजी कुशीवर वळला, जानकीच्या तांबड्या भाजीच्या वाफ्यात शिरला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भाजी कापत गेला. जानकी म्हणजे आमची बायको. पडवीत मासे साफ करत बसली होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "भाजी कापून झाली, आता फोडणी पण देतलो काय?" दादाला फोन केला. "पंखे उलटे असतले," म्हणाला, "तां सोप्यां आसा." ते सोपं होतं, मान्य करतो. एक दिवस गेला त्यात, पण सोपं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कंपास. मोबाईलवर लाल अक्षरं, कंपास एरर. ह्याला म्हणे दिशा कळत नाही, त्याला दिशा शिकवायची. कशी शिकवायची? ड्रोन आडवा धरायचा आणि स्वतःभोवती गोल फिरायचं. मग उभा धरायचा आणि पुन्हा गोल फिरायचं. फिरलो. एरर. पुन्हा फिरलो. एरर. पासष्ट वर्षांचा माणूस, अंगणात, भर अकरा वाजता, हातात बांगड्याएवढं यंत्र घेऊन गरगर फिरतोय, तीन दिवस, मंडळी. शेजारची नर्मदाकाकी दगडी कुंपणाच्या गडग्यावरून बघत होती. पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जानकीला म्हणाली, "जानकी गो, दत्ताक काय जाता?" तिसऱ्या दिवशी मुठीत मीठ-मिरची घेऊनच आली. मी ड्रोन घेऊन आडवा-उभा फिरतोय आणि ती माझ्याभोवती मीठ-मिरची घेऊन आडवी-उभी फिरतेय, मी त्याची दृष्ट काढतोय, ती माझी काढतेय. चुलीत टाकलेल्या मिरच्यांना वास आला नाही. म्हणजे नजर जबरदस्त, असं तिचं म्हणणं पडलं.

दादाला फोन केला. "लोखंडाच्या बाजूक उभो आसशीत. लोखंडापासून लांब जा. सोप्यां आसा." गेलो. अंगणातून मळ्यात गेलो, एरर. मळ्यातून वाळूवर गेलो, जिथं चारी बाजूंना वाळू आणि पाणी, मैलभर खिळा सापडणार नाही, तिथंही एरर. मला म्हणजे वाटायला लागलं की लोखंड माझ्या पाठोपाठ येतंय. घामाघूम होऊन घरी आलो, तेव्हा जानकी शांतपणे म्हणाली, "फिरतास तां फिरा, पण कमरेचो कोयतो तरी काढा."

आता बघा. आपल्याकडे बागायतीतला माणूस सकाळी उठला की कमरेला आकडी बांधतो, आकडीत मागच्या बाजूला कोयता. चाळीस वर्षं आहे तो माझ्या कमरेला. अंघोळीपुरता काढतो. तो आहे हे मला कळतच नाही, जसा तुम्हाला तुमचा कान कळत नाही. हातभर लोखंड पाठीला लावून मी लोखंडापासून लांब पळत होतो. कोयता काढला, एक गिरकी घेतली, आणि हिरवी अक्षरं. अकरा भाषा त्या पुस्तकात, मंडळी, अकरा, पण एकीत तरी लिहावं की नाही, कोयता काढून फिरा म्हणून?

मग मात्र उडाला. तुम्हाला सांगतो, उडाला तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माडाच्या वर गेला, स्क्रीनवर आमचं कौलारू घर, विहीर, सगळं एवढंएवढंसं. पाच दिवस सराव केला. त्यात एक लाल टिकली असते, ती दाबली की चित्रण. ती दाबली की लुकलुकायला लागायची. आता आपल्याकडे इन्व्हर्टरचा लाल दिवा लुकलुकला म्हणजे काय? बिघाड. मग मी पुन्हा दाबायचो. लुकलुक थांबायची. म्हटलं, झालं, आता सुरळीत चित्रण होतंय. आणि उडवून झालं की बंद करायला पुन्हा एकदा दाबायचो आणि ड्रोन पडवीत ठेवून द्यायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आली पुनव. पाऊस थांबला होता, वारा जरा होता, मोबाईल म्हणतोय वारा जास्त आहे, उडवू नका. मी म्हटलं, तुला पुनव कळत नाही, गप बस. बाबलीची होडी काढली, इंजिनवाली. होडीत आम्ही दहाजण, आणि पुढं दाजी. दाजी म्हणजे आमच्या वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, ब्याऐंशी वर्षांचे, गाऱ्हाणं घालायचं तर त्यांनीच. आमच्याकडे काही करायचं तर आधी देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, कोण, कुठला, काय मागतोय, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय आमचं पान हलत नाही. खाडीच्या तोंडाशी आलो. दाजी म्हणाले, "दत्ता, आदी तुझो तो ड्रोम वर घाल. देवाच्या नजरेत येवंदे. मगे गाऱ्हाणां." होडीच्या पुढच्या फळीवरून सोडला वर. लाल टिकली दाबली, लुकलुकली, पुन्हा दाबली, थांबली. माझे हात नारळाला मोकळे हवेत म्हणून रिमोट बाबलीकडे दिला. "नुसतो धर. काय एक दाबू नको." आणि दाजींना नीट ऐकू यावं, देवालाही यावं, म्हणून बाबलीनं इंजिन बंद केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या नारळी पुनवेच्या दिवशी समस्त वाडकरांनी तुझी आठवण केल्यानी हा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आता दाजींचं गाऱ्हाणं म्हणजे काय, त्यात ग्रामदेवता येते, बारा वहिवाटी येतात, गावचे, पूर्वीचे, परगावी गेलेले, गाळ साचलेली खाडी, न झालेला रस्ता, सगळं. वीस मिनिटं. वर ड्रोन घोंघावतोय, त्याची बॅटरी पंचवीस मिनिटांची. आणि शेवटाला दाजी म्हणाले, मला शब्दन् शब्द आठवतोय, "दत्तप्रसादान ह्यो जो काय उडणारो ड्रोम आणल्यान हा, तेच्यार कोणाची वाकडी नजर आसात तर ती दूर कर रे म्हाराजा. आणि जो कोण जंयसून सुटलो हा, तेका थंयच सुखरूप परत आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." जो जिथून सुटला त्याला तिथंच आण, ह्याला सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो.

मग नारळ. सोनेरी कागद लावलेला. पंचावन्न वर्षं दादाचे हात बघितलेत मी त्या नारळाखाली, आणि आज माझे. मनात म्हटलं, दादा, बघ रे. सोडला. टुपकन आवाज झाला, एकदा खाली गेला, वर आला आणि निघाला. सगळ्यांनी हात जोडले. माझे डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात बाबली म्हणाला, "दत्ता, तुझो ड्रोन पळता."

बघतो तर खरंच. मघाशी डोक्यावर होता तो आता एवढासा ठिपका, तिकडे लांब. "वाऱ्यान नेलो," कोणी म्हणालं. मोबाईल पिंपिंपिं करायला लागला, बॅटरी संपली. मी रिमोट घेतला. त्याच्यावर घराचं चित्र असलेलं एक बटण असतं. दादानं शंभरदा सांगितलं होतं, "काय झाला तरी घर दाब. तो आपसूक घराक येता. सोपो आसा." मी घर दाबलं. आणि घाबरून लाल टिकलीही दाबली, कारण म्हटलं निदान चित्रण तरी बंद होऊन जपून राहू दे.

आता हे मला नंतर कट्ट्याच्या अजयनं समजावलं, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रोनचं घर म्हणजे काय? आमचं घर? नाही. तो जिथून उडाला ते घर. जिथून म्हणजे होडी? होडी नाही, त्याला होडी कळत नाही. ती जागा. आणि आम्ही इंजिन बंद करून वीस मिनिटं व्हय म्हाराजा करत बसलो होतो, ओहोटी लागलेली होती. ड्रोन कुठंच पळाला नव्हता, मंडळी. ड्रोन जागेवर होता. आम्ही पळत होतो.

तर घर दाबल्यावर तो शहाण्यासारखा खाली यायला लागला. सरळ. हळूहळू. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. बाबली इंजिनची दोरी ओढतोय, इंजिन खोकतंय, आम्ही दहाजण हात वर करून ओरडतोय, "हंय ये रे, हंय," जसं काही त्याला मालवणी कळतंय. आणि तो बरोबर ज्या जागेवरून सुटला होता, त्या जागेवर, लाटेवर अलगद उतरला, चारही पंखे थांबवले, आणि बुडाला. दाजींनी हात जोडले. म्हणाले, "देवान ऐकल्यान."

सोपो आसा म्हणे!

त्यानंतर आठ दिवस दादाचे फोन. मी घेतले नाहीत. काय सांगणार? जानकी सांगायची, "ते न्हाणीत आसत." सकाळी न्हाणीत, दुपारी न्हाणीत, आठ दिवस मी न्हाणीतच होतो. खोटं वाटेल, पण जेवण जात नव्हतं मला. एवढं एकच मागितलं होतं त्यानं, नारळ पाण्यात पडताना. त्याच्या नसलेल्या वर्षी त्याच्या जागी मी, आणि मी ते समुद्रात घातलं.

नवव्या दिवशी वाडीची रापण लागली, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढतात ते मोठं जाळं. सगळी वाडी ओढायला. आले काय, तर तारले दोन टोपल्या, बांगडे थोडे, आणि एक ड्रोन. आता रापणीत जे येईल त्याचे वाटे पडतात हा आमचा नियम, त्यामुळे चार पंखे आहेत तर चार वाटे करा अशीही एक सूचना आली. ती बाबलीची होती. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्यानं स्वतःच उचलून माझ्या हातात दिला.

अजयकडे नेला. ड्रोन गेला, म्हणाला, पण आतलं कार्ड निघेल, तांदळात घालून ठेवा दोन दिवस. घरी आलो, जानकीनं डबा काढला आणि विचारलं, "उकडे की सुरय?" म्हणजे उकडलेल्या भाताचे तांदूळ की साधे. आता हे कोणत्या भाषेत लिहिलंय त्या पुस्तकात? अजयला फोन केला. अजय पण जरा विचारात पडला. उकड्यांत घातलं.

आणि कार्ड चाललं, मंडळी. अजयनं लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दत्तामामा, तुम्ही उलट दाबत होतात." लुकलुक म्हणजे चित्रण चालू. न लुकलुकणं म्हणजे बंद. म्हणजे मी उडवत होतो तेव्हा सगळं बंद, आणि पडवीत ठेवला की सगळं चालू. दोन तास चित्रण होतं त्या कार्डात, आणि ते काय होतं? जानकी मासे साफ करतेय. जानकी मला बोलतेय. नर्मदाकाकी गडग्यावरून विचारतेय, दत्ताक उतार पडलो काय. मांजर. विहिरीकडे कोण गेलं, कोण आलं. माझी पाठ, पाठीला कोयता. पुनवेचं काय? नारळ नाही. गाऱ्हाणं नाही. फक्त शेवटचं पाऊण मिनिट, मी घाबरून बंद करायला टिकली दाबली तेव्हा चालू झालं ते, वरून खाली येतानाचं. अजयनं म्हटलं, हेच पाठवू? मी म्हटलं, पाठव. लपवून किती दिवस अंघोळ करू?

रात्री नाही, दुपारीच फोन आला. पहिला प्रश्न तोच, "तू नेमक्यां काय दाबलंस?" मी सगळं सांगितलं, कोयत्यापासून ओहोटीपर्यंत. मग म्हणाला, "नारळ खंय आसा?" म्हटलं, "नाय आसा, दादा. चुकलंय." मी तयार होतो, बोलेल ते ऐकायला. तर हळूच म्हणाला, "शेवटचां जां आसा मां, ड्रोन खाली येता तां... पाणी, लांब होडी, लोक हात वर करतत, आणि मागे किनारो, आमचां घर, ते दोन माड. तां मी बघलंय." म्हटलं, खंय? म्हणाला, "आगबोटीवर चढताना मागे वळान बघलंय तेव्हा. अशांच दिसलां. लोक अशेच हात करीत होते. माड तेवढे उंच नव्हते."

दहा वेळा बघितलं म्हणाला तो.

आणि मग नाक ओढून एकदम नेहमीच्या आवाजात, "तुका काय जमाचा नाय, दत्ता. पुढच्या पुनवेक मीच येतंय. डॉक्टरचे सहा म्हयने तोपर्यंत सरतले. रेल्वेन कुडाळ, थंयसून रिक्षा. सोप्यां आसा."

आनंद झाला हो मला, का नाही होणार? फोन ठेवला आणि तसाच जानकीला सांगायला निघालो, पण अर्ध्या पडवीत थबकलो. मागे फिरलो आणि सरळ दाजींकडे गेलो. म्हटलं, दाजी, तुमचं ते गाऱ्हाणं. जो कोण जंयसून सुटलो हा, तेका थंयच परत आण, असं म्हणालात ना? म्हणाले, "व्हय. नाव खंय घेतलंय? जो कोण म्हटलंय. दादाक पण लागू पडता तां." म्हटलं, तेच. दादा कुठून सुटलाय?

दाजींच्या लक्षात आलं. कारण पंचावन्न वर्षांपूर्वी दादाला होडीत घालून वल्हवत भर समुद्रात आगबोटीपर्यंत नेणारे दाजीच होते. मी विचारलं, "पाणी कितक्यां होतां थंय?"

म्हणाले, "सात वाव." म्हणजे बेचाळीस फूट.

तेव्हाच्या तेव्हा दुसरं गाऱ्हाणं घातलं. घराचा नंबर सांगितला, वाडी सांगितली, कुडाळ स्टेशन सांगितलं, अंगणात म्हणजे अंगणातच असं दोनदा सांगितलं. व्हय म्हाराजा म्हणायला मी एकटाच होतो. पण आता देवानं कोणतं आधी ऐकलंय कोण जाणे, म्हणून पुढच्या पुनवेला दादाची गाडी कुडाळला लागायच्या वेळी होडी पाण्यात तयार ठेव, असं बाबलीला सांगून ठेवलंय. इंजिन चालू ठेव म्हटलंय.